गावच्या पैशाची तार गावच्या घरात केव्हा येणार?

रयतेच्या नावाने पैसा गोळा करावयाचा, रयतेच्या नावाने योजना काढावयाची, आणि काम मात्र रयतेच्या उंबऱ्याअलीकडे दहा पावलांवर थांबवावयाचे, ही या देशातील फार जुनी रीत आहे. पाटाचे पाणी, पक्की सडक, वीज या सर्वांच्या बाबतीत आमच्या वाचकांनी ती आपल्या हयातीत पाहिली आहे. आता नेटच्या तारेच्या बाबतीत तीच चालू आहे, आणि ती मुकाट्याने चालू द्यावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही.

हकीकत थोडक्यात अशी. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्राच्या मंत्रिमंडळाने ठरविले की, देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तंतूची केबल, जिला लोक फायबर म्हणतात, ती जमिनीखालून न्यावी. खर्चाचा अंदाज वीस हजार कोटी रुपये आणि मुदत दोन वर्षे. दोन वर्षे गेली, चार गेली. २०१५ साली योजनेचे नाव बदलून 'भारतनेट' ठेवण्यात आले. बारसे करावयास फारसा खर्च येत नाही. पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा डिसेंबर २०१७ मध्ये पुरा झाल्याचे सरकारने सांगितले. त्याच वर्षी एकूण खर्चाचा अंदाज ४२ हजार कोटींवर गेला. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केले की, एक हजार दिवसांत सहा लाखांहून अधिक गावांत फायबर पोहोचेल. ते हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले. ऑगस्ट २०२३ मध्ये नवी सुधारलेली योजना मंजूर झाली, आणि तिचा आकडा १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपये इतका आहे. मुदती मागे पडल्या. आकडे मात्र कधी मागे पडले नाहीत.

हा पैसा कोणाचा, ते आधी स्पष्ट झाले पाहिजे. कारण आमच्या गावचा साधा माणूस असे समजतो की सरकार आपल्यावर उपकार करीत आहे. १ एप्रिल २००२ पासून सरकारने एक निधी चालू केला. प्रत्येक टेलिफोन कंपनीच्या हिशेबी उत्पन्नातून शेकडा पाच रुपये त्या निधीत जावेत, आणि जेथे कंपनीस नफा दिसत नाही अशा खेड्यापाड्यांत त्या पैशातून फोन व नेट न्यावे, असे ठरले. २००३ साली त्यास कायद्याचे बळ मिळाले, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' झाले. कंपनी हे पाच रुपये आपल्या घरचे घालीत नाही. आपण मोबाईलला जो रिचार्ज मारतो, त्यातूनच ते जातात. माळावर मेंढरे राखणारा धनगर, ऊसतोडीस गेलेले जोडपे, घिसाडी, कुंभार, शेतमजूर बाई, या सर्वांनी वीस-बावीस वर्षे हा पैसा भरला आहे. २०१९ च्या अखेरीपर्यंत या निधीच्या नावाने एक लाख कोटींवर रक्कम जमा झाली होती, आणि त्यातील प्रत्यक्ष खर्ची पडलेली रक्कम निम्म्याच्या आसपास होती. खेड्याच्या नावाने जमा झालेला पैसा वर्षानुवर्षे खेड्यावाचून पडून राहिला, असा याचा सरळ अर्थ.

जुन्या सत्यशोधकांस ही गोष्ट नवी वाटली नसती. इंग्रजी अमलात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होई आणि त्यातील तिसरा हिस्सा शिक्षणासाठी समजला जाई. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे जे निवेदन केले, त्याचा रोख नेमका येथेच होता. तिजोरी भरते ती शेतकऱ्याच्या घामाने, आणि तिच्यातून सढळ खर्च होतो तो वरिष्ठ वर्गांच्या मुलांच्या उच्च शिक्षणावर. खेड्यातील पोराच्या वाट्यास धड पंतोजीही येत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी त्याच वेळी केली. आजचा शेकडा पाच रुपयांचा निधी हा नवा लोकल फंडच होय. म्हणून त्याचा हिशेब मागणे ही भीक नव्हे, आणि उद्धटपणाही नव्हे.

आता सरकारचा जबाब काय आहे तोही पाहू. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२४-२५ च्या सुमारास देशातील २ लाख १४ हजारांच्या आसपास ग्रामपंचायती 'सेवेस सज्ज' झाल्या होत्या. आम्ही हा आकडा खोटा म्हणत नाही. परंतु 'सज्ज' या शब्दात सारी मेख आहे. विहीर खणली, काठ बांधला, पण रहाट नाही आणि पोहराही नाही, अशा विहिरीसही सज्ज म्हणता येते. तहानेल्यास त्याचा उपयोग काय? पुष्कळ ठिकाणी व्यवस्था अशी आहे: ग्रामपंचायतीच्या कचेरीत भिंतीवर एक पेटी, तिच्याखाली बॅटरी, छपरावर सौर पत्रा. पेटीवरील हिरवा दिवा लागला, फोटो निघाला, ठेकेदाराचे बिल निघाले. पुढे बॅटरी उतरली, कुलपाची किल्ली ग्रामसेवकाकडे राहिली आणि ग्रामसेवक तालुक्याच्या गावी राहिला. पेटीपासून शाळा शंभर पावलांवर, दवाखाना दोनशे पावलांवर, आणि ही शंभर-दोनशे पावले तार कोणी ओढावयाची याचा निकाल नाही.

दुसरी गोष्ट तार तुटण्याची. पहिल्या टप्प्यांत तार तालुक्याहून निघून गावामागून गाव अशी दोरीसारखी गेली. मध्ये एके ठिकाणी रस्ता रुंद करताना किंवा नळयोजनेचा चर खणताना जेसीबीचा दात तारेस लागला, की पुढील सर्व गावे बंद. नव्या योजनेत तार कड्यासारखी फिरवून परत आणावयाची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने काम चालेल. ही सुधारणा चांगली आहे, आणि चांगल्यास चांगले म्हणण्यास आम्हांस संकोच नाही. खणण्यापूर्वी खाली काय पुरले आहे ते कळावे म्हणून मार्च २०२३ मध्ये सरकारने एक ॲपही काढले. तरीपण पाण्याचा चर खणणारा आणि तार पुरणारा हे दोघे एकाच रस्त्यावर, एकाच तिजोरीच्या पैशाने काम करीत असता त्यांची एकमेकांशी ओळख करून देण्यास ॲप लागावे, हे आमच्या राज्यकारभाराचे कौतुकच म्हणावयाचे!

तार येवो न येवो, सरकारचे मागणे मात्र थांबलेले नाही, आणि आमच्या तक्रारीचे मूळ येथे आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी आली. आपल्या शेतात आपण काय पेरले याची नोंद शेतकऱ्याने मोबाईलवर, बांधावर उभे राहून, फोटो काढून करावयाची. नोंद न झाली तर पुढे मदतीच्या आणि खरेदीच्या वेळी अडचण. २०१९ साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीच्या सहा हजारांसाठी ई-केवायसी. रेशनच्या दुकानात अंगठा, आणि सर्व्हर बंद असेल तर उद्या या. एप्रिल २०२५ पासून शेतीच्या योजनांस शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. पीक विम्याची गोष्ट तर अशी की, अतिवृष्टीने पीक गेले तर बहात्तर तासांच्या आत कळवा, असा नियम राज्यात २०२४ पर्यंत चालला. बहुतेकांस ॲप किंवा टोल-फ्री फोन हाच मार्ग सांगितला जाई. ज्या पावसाने सोयाबीन कुजले, त्याच पावसाने वीज गेली, वीज गेल्याने टॉवर बंद पडला, आणि टॉवर बंद म्हणून तक्रार गेली नाही. निसर्गाने एकदा मारले आणि मुदतीने दुसऱ्यांदा.

शाहू छत्रपतींनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास त्यांनी दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. परंतु शाळा गावात आणावयाची जबाबदारी दरबाराने आपल्या अंगावर घेतली होती. आज दंड आधी आणि शाळा मागाहून, असा उलटा क्रम आहे. हप्ता अडविणे हा दंडच नव्हे काय?

या उलट्या क्रमातून गावोगाव एक नवा मध्यस्थ उभा राहिला आहे. पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हातात असे. मोडी अक्षर त्यास येई, रयतेस येत नसे. म्हणून रयतेची जमीन कोणत्या कागदावर कशी चढली हे रयतेस कळत नसे. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, ते या कारणाने. आज सात-बारा नेटवर आहे, कोणासही पाहता येतो असे सांगतात, आणि ते खरेही आहे. पण ज्याच्या घरी नेट चालत नाही, त्यास तो पाहण्यासाठी बाजारच्या गावी जाऊन कोणा पोराच्या दुकानात रांग धरावी लागते. मजुरीचा दिवस बुडतो, एस.टी.चे भाडे जाते, वर फॉर्म भरण्याचे पैसे. ओटीपी त्यालाच सांगावा लागतो. आम्ही त्या दुकानदार पोरांस दोष देत नाही. पुष्कळदा ती आपलीच शिकलेली, नोकरी न मिळालेली मुले आहेत, आणि त्यांच्यामुळेच हजारो म्हाताऱ्या माणसांचे काम होते. दोष आहे तो या गोष्टीचा की, रयतेचा आणि तिच्या स्वतःच्या कागदाचा संबंध पुन्हा एकदा तिसऱ्याच्या हातावर अवलंबून झाला. वतन गेले, पण वतनाची गरज सरकारने पुन्हा निर्माण केली.

काही शहाणे म्हणतात, "हातात मोबाईल आहे, स्वस्त डेटा आहे, मग तार कशाला हवी?" यांस आमचे उत्तर असे की, २०१७-१८ सालच्या सरकारी नमुना पाहणीत खेड्यातील शंभर घरांपैकी पंधरा घरांत आणि शहरातील शंभरांपैकी बेचाळीस घरांत नेटची सोय आढळली होती. त्यानंतर मोबाईलमुळे खेड्याचा आकडा पुष्कळ वाढला, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मोबाईलचे नेट हे टॉवरच्या मर्जीचे असते, आणि टॉवर कंपनीच्या मर्जीचा असतो. जेथे गिऱ्हाईक दाट तेथे टॉवर; जेथे डोंगर, जंगल आणि विरळ वस्ती तेथे एक कांडी रेंज, तीही झाडावर चढल्यावर. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि दीड वर्षाहून अधिक काळ धडे फोनवर गेले, तेव्हा कोकणात आणि घाटमाथ्यावर मुले रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसत होती, हे कोणी इतक्यात विसरले नसेल. शिवाय स्वस्ताई कंपनीच्या हातची. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच वेळी दर वाढविले, तेव्हा आमच्या मजूर बांधवांस कोणी विचारले नाही. आणि टॉवरसही शेवटी मागून तारच लागते. ती जितकी जाड आणि जितकी जवळ, तितके त्याचे पाणी खोल. दुसरे कोणी म्हणतात की खेड्यातले लोक नेट घेऊन सिनेमे आणि जुगारच पाहतील. शूद्रांस अक्षर शिकविले तर ते बिघडतील, असेही एके काळी म्हणणारे होते. यावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

तारेचा उपयोग केवळ सरकारी फॉर्मापुरता नाही, हे कारागीर घरांनी विशेष ध्यानात घ्यावे. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातील चार जिल्हे मिळून तिचा मुलूख ठरला. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने आपल्या प्रदर्शनात तसलीच पायताणे मांडली आणि कोल्हापूरचे नावसुद्धा घेतले नाही. ती छायाचित्रे नेटवरून येथवर आली, येथून ओरड झाली, आणि कंपनीस मान्य करावे लागले की या घडणीचे मूळ भारतीय कारागिरांत आहे. चर्मकाराच्या हातच्या मालाची ही जगभर पत. पण ज्या घरात ती चप्पल शिवली जाते त्या घरास आपला माल मुंबईच्या गिऱ्हाइकास स्वतः दाखविता येऊ नये, आणि दलालाने सांगितलेला भाव खरा मानावा लागावा, हे कोठवर चालणार? येवल्याचा पैठणी विणकर असो की घोंगडी विणणारा असो, प्रश्न तोच आहे.

सार्वजनिक पैशाने असे काम होत नाही, असे जे म्हणतात त्यांच्यासाठी दोन दाखले देतो. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांच्या दहा घरांपैकी जेमतेम एका घरात वीज होती. कंपन्या म्हणत, खेड्यात तार नेणे परवडत नाही. १९३५ साली तेथील सरकारने ग्रामीण विजेसाठी निराळे खाते काढून कर्जे दिली. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून स्वतः खांब रोवले, आणि वीसेक वर्षांत बहुतेक शेतघरांत दिवा लागला. त्यांतील कित्येक संस्था आज त्याच खांबांवरून फायबर नेत आहेत. इकडे केरळ राज्याने जून २०२३ मध्ये आपली स्वतःची फायबर योजना चालू केली. शाळा-दवाखान्यांसह तीस हजार सरकारी कचेऱ्या आणि वीस लाख गरीब घरांस फुकट नेट, असा तिचा संकल्प. काम संकल्पाच्या मानाने हळू चालले आहे, हेही आम्ही सांगून टाकतो. परंतु तेथे निदान 'घर' हा शब्द योजनेत पहिल्या ओळीत आला. केरळच्याच हायकोर्टाने सप्टेंबर २०१९ मध्ये नेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्कात येतो असा निकाल दिला होता. तो खटला वसतिगृहातील एका विद्यार्थिनीने लढविला होता.

आता आपल्या राज्याचा हिशेब करू, कारण नव्या योजनेत एक फट आहे आणि तिच्यातून आपली पुष्कळ गावे गळून पडतील अशी आम्हांस भीती वाटते. महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे अठ्ठावीस हजार आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे वस्ती असलेली गावे मात्र एकेचाळीस हजारांच्या घरात. म्हणजे तेरा हजारांच्या आसपास गावे अशी की, जेथे पंचायतीची कचेरी नाही. ती कोणत्या तरी गट ग्रामपंचायतीत मोडतात. त्यांच्याशिवाय वाड्या, पाडे, तांडे, धनगरवाडे आणि गावकुसाबाहेरील वस्त्या निराळ्याच. योजनेप्रमाणे तार ग्रामपंचायतीपर्यंत जाणार, ते ठरलेले आहे. देशातील बाकीच्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांस ती 'मागणीप्रमाणे' मिळणार आहे. मागणीप्रमाणे! ज्यास योजना आहे हेच ठाऊक नाही, तो मागणी कशी करणार? आणि ज्या बड्या गावच्या बड्या घरास ठाऊक आहे, ते आपल्या वाड्यापुरती मागणी करून मोकळे होईल.

यात सरकारइतकाच दोष आपल्या लोकांच्या झोपेचाही आहे. ग्रामसभेस कोरम भरत नाही आणि चावडीवर रात्री दहापर्यंत पुढाऱ्यांच्या गप्पा रंगतात, हे गावोगावचे चित्र आहे. नव्या योजनेत गावातील जोडणी आणि देखभाल 'भारतनेट उद्यमी' या नावाच्या स्थानिक माणसाकडे द्यावयाची आहे. तो माणूस कोण असेल? सरपंचाचा भाचा असेल की महिला बचत गट, दूधसंस्था किंवा गावच्या दोन शिकलेल्या बेकार मुलामुलींची जोडी असेल, हे ग्रामसभेत बसणाऱ्यांनी ठरवावयाचे आहे. घरी बसणाऱ्यांनी नव्हे. आणि तार प्रथम कोणत्या आळीत जाणार? नळ आला तेव्हा तो वरच्या आळीत आधी गेला आणि बौद्धवाडीत, मातंग वस्तीत, कातकरीवाडीत वर्षांनी गेला, किंवा गेलाच नाही. तारेच्या बाबतीत आपणच तसे केले, तर सरकारकडे बोट दाखविण्यास आपणांस तोंड राहणार नाही. शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि वाचनालय यांच्या बरोबरीने गावच्या टोकाची वस्ती पहिल्या खेपेस जोडली पाहिजे, आणि जेथे सर्वजण जाऊ शकतील अशा एका खोलीत नेट सर्वांस फुकट चालले पाहिजे.

सरकारकडे आमचे मागणे लांबलचक नाही. ज्या गावात तार चालू नाही, त्या गावातील माणसाचा कोणताही हक्काचा हप्ता, नोंद, विमा वा दाखला केवळ नेटच्या कारणाने अडवू नये. तलाठ्याने, कृषी सहाय्यकाने अथवा ग्रामसेवकाने कागदावर अर्ज घेऊन तारखेची पोच द्यावी, आणि ती तारीखच खरी धरावी. लोकसेवा हक्काचा कायदा राज्यात २०१५ पासून आहे. त्यात हे बसविणे अशक्य नाही. तसेच 'सज्ज' किती हे न सांगता, दर महिन्यास किती दिवस नेट प्रत्यक्ष चालले, त्याचा फलक प्रत्येक ग्रामपंचायतीच्या दारावर लावावा.

आमच्या वाचकांनी पुढील ग्रामसभेत उभे राहून इतके विचारावे: आपल्या पंचायतीत पेटी केव्हा बसली, ती गेल्या महिन्यात किती दिवस चालू होती, किल्ली कोणाकडे आहे, दुरुस्ती कोणाच्या अंगावर आहे, आणि आपल्या वाड्या-वस्त्यांची मागणी वर कळविली आहे काय. कळविली नसेल तर तेथेच ठराव लिहून घ्यावा, त्यात प्रत्येक वाडीचे नाव घालावे, आणि सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्यावी. तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील कार्ड असणाऱ्यास तोही लागत नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणे अधिकाऱ्यास भाग आहे. मिळालेली उत्तरे, आणि न मिळालेलीही, तालुका व गावाच्या नावासह आम्हांकडे पाठवावीत. जशी येतील तशी ती आम्ही या पत्रात छापत जाऊ.